सेटलमेंटसाठी पतसंस्थेचं कर्ज काढू का?

प्रश्न : राम राम साहेब. मी जिनिंगमध्ये सुपरवायझर आहे. वडिलांच्या बायपाससाठी खासगी बँकेचं ३ लाखांचं पर्सनल लोन घेतलं. सीझन संपला, पगार निम्मा झाला, चार हप्ते थकले. वसुलीवाला रात्री ९ ला फोन करून जेलची भाषा करतो. आता तोच म्हणतो, बाकी २ लाख १० हजार आहे, १ लाख ४० हजार एकरकमी द्या, मिटवून टाकू. गावातली पतसंस्था तेवढे देते. साडू झेडपीत शिक्षक आहेत, ते जामीन राहतील. घेऊ का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : राम राम भाऊ. नका घेऊ. जळगाव-धुळ्याच्या शाखांत वसुलीच्या टेबलावर बसलेला माणूस सांगतोय.

बँकेकडे तुमचं घर, वावर काही गहाण नाही. तिला आधी दिवाणी कोर्टातून हुकूमनामा आणावा लागेल. त्यानंतरही पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश तिला जप्त करता येत नाहीत. पतसंस्थेला दाव्याची गरजच नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाचा दाखला मिळाला की वसुली अधिकारी थेट जप्तीला निघतो. त्याला सगळ्यात सोपा सापडतो तो पगारदार जामीनदार. ‘आधी कर्जदाराकडून वसूल करा’ असं साडूंना म्हणताही येणार नाही, कायद्यानं दोघांची जबाबदारी सारखीच. आणि सासुरवाडीत त्याची चर्चा किती वर्षं चालेल, ते तुम्हीच ठरवा.

नुसतं कर्ज थकलं म्हणून जेल होत नाही. मात्र चेक किंवा ऑटो डेबिट बाउन्स झाल्याची कायदेशीर नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत ती रक्कम भरावी लागते. नाही भरली तर फौजदारी केस होऊ शकते. तेवढा कागद दप्तरात कोंबून ठेवू नका. वसुलीवाल्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा (फोन १४४४८). पतसंस्था त्या लोकपालाच्या कक्षेत येत नाही, हेही जाता जाता ऐकून ठेवा.

सिबिलचं, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीचं, नुकसान झालेलंच आहे. हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकबाकीत गेलेलं, होतं. त्यात सेटलमेंट केली तर ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि उद्या ट्रॅक्टरला कर्ज मागायला गेलात की मॅनेजर आधी तोच वाचतो. ७० हजार सुटतात, पण फुकट नाही.

तुम्ही शाखेत जा, वडिलांच्या ऑपरेशनची कागदपत्रं आणि पगाराच्या स्लिपा जोडून मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा अर्ज द्या, पोच घ्या. जिनिंग पुन्हा सुरू झाल्यावर किती भरू शकाल तेही त्यात लिहा. बँक ऐकत नसेल तर प्रकरण लोकअदालतीत ठेवायला सांगा. तिथं कोर्ट फी लागत नाही. तडजोड झालीच, तर रक्कम आणि तारीख लिहिलेलं बँकेचं पत्र हातात आल्यावर पैसे कर्जखात्यातच भरा. वसुलीवाल्याच्या फोनपेवर एक रुपया टाकू नका.

पतसंस्थेत अर्ज दिला असेल तर साडूंची सही व्हायच्या आत मागे घ्या.