सौद्याच्या पलीकडे कोण उभा आहे?

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

म्हापशाच्या खोलीवर बसून तू सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत निफ्टी या शेअर निर्देशांकाचे ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाने पुढे घेण्याचे किंवा विकण्याचे हक्क, घेतोस-विकतोस, नोकरी सोडू का असे मला विचारतोस, आणि तुझा सौदा होतो तेव्हा पलीकडे कोण उभा असतो याबद्दल चार पानांत एक अक्षर लिहीत नाहीस. माझा सगळा आग्रह त्याच एका प्रश्नाचा आहे.

राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, १९९२ साली स्थापन झाला आणि ३ नोव्हेंबर १९९४ रोजी तेथे शेअरचे व्यवहार सुरू झाले. त्याआधी दलालाने प्रत्यक्षात कोणत्या भावाने घेतले, हे पणजीत बसलेल्या माणसाला कळायला मार्ग नसे. आता भाव पडद्यावर सर्वांना एकाच वेळी दिसू लागला, आणि उपग्रहाच्या तबकडीमुळे मुंबईबाहेरचा दलालही त्याच रांगेत आला. मी तेव्हा उपदलाल होतो. गिऱ्हाइकाची शेअर सर्टिफिकेटे ट्रान्सफर फॉर्मला जोडून, मागे तिकिटे चिकटवून टपालाने पाठवायची, आणि कित्येक आठवड्यांनी ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून तेच कागद परत यायचे. मग विकणाऱ्याला गाठायचे कुठे? पलीकडे कोण, हा प्रश्न आम्हाला रात्री झोपू देत नसे. १९९६ साली एनएसईच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनने सौद्याच्या मधोमध उभे राहून तो पुरा करण्याची हमी घेतली, आणि त्याच वर्षी शेअर खात्यात सांभाळणारी एनएसडीएल ही संस्था सुरू होऊन डिमॅटमुळे, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावरच्या नोंदीत ठेवल्यामुळे, कागदांचा जाच हळूहळू संपला. हे काम किती मोठे होते, ते तुमच्या पिढीला फोनच्या पडद्यावर दिसत नाही याचे मला फार वाईट वाटते.

पण नीट वाच. ती हमी सौदा पुरा होण्याची आहे, तुझ्या नफ्याची नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची विकणारीचा चेहरा तुला दिसतो. इथे तो दिसत नाही, म्हणून पलीकडे कोणी नाहीच असे तू धरून चालला आहेस. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स (पुढच्या तारखेचे बंधनकारक सौदे) आणि ऑप्शन यांत उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला, आणि सर्वांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये कमावले ते स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या दलाल संस्थांनी आणि विदेशी गुंतवणूकदारांनी, आणि त्यांचा बहुतेक नफा अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांतला होता. तुझ्या पलीकडे हे उभे आहेत! आणि तू मला स्टॉपलॉस, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून सौदा तोडायचा भाव, कुठे लावू म्हणून विचारतोस?

ऑप्शन ही वाईट वस्तू नाही. ज्याच्या खात्यात खरोखर शेअर आहेत, त्याने पडझडीपासून बचाव म्हणून पुट, म्हणजे ठरल्या भावाने विकण्याचा हक्क, घेतला तर त्यात शहाणपण आहे. तरी २००१ साली ऑप्शन आले तेव्हा नुसत्या सट्ट्यासाठी ते मी कोणालाही घेऊन दिले नाहीत. जुनी, घरोब्याची गिऱ्हाइके त्यामुळे तुटली, त्याची खंत आजही आहे, आणि घरात मला हट्टी म्हणतात ते म्हणोत. पलीकडे कोण आहे हे ज्याला सांगता येत नव्हते, त्याचा सौदा मी लावला नाही. आजही लावणार नाही.

येत्या रविवारी गेल्या सहा महिन्यांच्या सगळ्या काँट्रॅक्ट नोट, म्हणजे दलालाने पाठवलेल्या सौद्यांच्या पावत्या, घेऊन ये. दलाली, एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) आणि बाजाराचे शुल्क वजा करून काय उरते, ते आपण दोघे बसून मांडू. तोवर राजीनामा देऊ नकोस.