जुन्या लॅपटॉपला वायफायची रेंज कमी येते आणि सारखं तुटतं. नवीनच घ्यावा लागेल का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप २०१३ चा आहे, मोडेम पुढच्या सोप्यात आहे आणि मुलगी परड्याकडच्या खोलीत बसून ऑनलाइन शिकवणी करते. मोबाईलला त्याच खोलीत वायफाय चांगलं मिळतं. लॅपटॉपला मात्र जेमतेम दोन कांड्या दिसतात आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी जोडणी जाते. दुकानदार म्हणतो, मशीन जुनं झालं, नवीन घ्या.

घेऊ नका. निदान एक संध्याकाळ तपासण्यात घालवल्याशिवाय तरी नको.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. हायस्कूलात गणित शिकवतो आणि गावातल्या पोरांचे जुने लॅपटॉप जमेल तितके चालू ठेवतो. आमच्याकडं स्कॉलरशिपचा अर्ज घरून भरता आला नाही, तर पोराला एसटी धरून तालुक्याला जावं लागतं आणि अख्खा दिवस मोडतो. अर्ज अर्धा भरून झालाय, ओटीपी टाकायचाय आणि नेमकं तेव्हा वायफाय गेलं की पोराचा चेहरा कसा होतो ते मी बघितलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी तुटतंय कुठं ते शोधायचं. या रस्त्याचे दोन तुकडे आहेत. लॅपटॉप ते मोडेम हा पहिला, आणि मोडेम ते बाहेरची लाइन हा दुसरा. स्क्रीनवर दोन्हीचं दुखणं सारखंच दिसतं, 'नेट गेलं' एवढंच. उपाय मात्र पार वेगळे. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाइप करा. तिथं डीफॉल्ट गेटवे म्हणून एक आकडा दिसेल, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तो तुमच्या मोडेमचा पत्ता. आता कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत 'पिंग', मग 'उणे टी' (उणे आणि टी चिकटून), मग मोडेमचा पत्ता लिहा, म्हणजे ping -t 192.168.1.1 असं. दुसरीत तसंच, पण पत्ता ८.८.८.८, हा गूगलचा सर्व्हर आहे. सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायचं, प्रत्येक शब्दानंतर एक मोकळी जागा सोडून. दोन्ही खिडक्यांत ओळी पळत राहतील. मुलीला नेहमीसारखी शिकवणी करू द्या आणि जोडणी गेली की लगेच बघा. दोन्ही खिडक्यांत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' किंवा 'जनरल फेल्युअर' आलं, तर दुखणं घरातच आहे, लॅपटॉप आणि मोडेमच्या मध्ये, नाहीतर मोडेमच बंद पडलाय. मोडेमची खिडकी सुरळीत पळतेय आणि फक्त ८.८.८.८ ची थांबलीय, तर लॅपटॉपचा काहीही दोष नाही, लाइनवाल्याला फोन करा.

लाइनचं असेल तर थोडक्यात सांगतो. फायबरच्या मोडेमवर लॉस नावाचा दिवा लाल झाला, तर तार कुठंतरी दुमडलीय किंवा तुटलीय. तुम्ही हात लावू नका, त्यांनाच बोलवा. दिवा ठीक असेल आणि दोन्ही खिडक्या एकदमच थांबत असतील, तर लाइट जाते-येते का तेही बघा. पावसाळ्यात आमच्याकडं लाइट क्षणभर जाते. घरात कुणाच्या ध्यानातही येत नाही, पण तेवढ्यानं मोडेम बंद होऊन पुन्हा उठतो आणि दोन-तीन मिनिटं वाया जातात. मोडेमसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना मोडेमच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून त्याला जुळणाराच घ्या.

पण मोबाईल त्याच खोलीत चालतो म्हणताय, त्यावरून मला पहिला तुकडाच संशयास्पद वाटतो. इथं एक गोष्ट समजून घ्या. मोबाईल चालतो म्हणजे लॅपटॉपही चालायलाच हवा, असं नाही. आताचे मोडेम दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २०१३ च्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत फक्त २.४ चं वायफाय कार्ड असतं. तुमचा मोबाईल बहुधा दोन्ही पट्ट्या वापरतो. म्हणजे दोघं एकाच मोडेमशी बोलत असले तरी वेगवेगळ्या रस्त्यानं बोलतात. (मोडेमच्या नावापुढं '५जी' असतं ते हे ५ गिगाहर्ट्झ. मोबाईलच्या ५जी शी त्याचा संबंध नाही. हा घोटाळा गावात सगळ्यांचा होतो.) कार्डात काय आहे ते बघायला 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' (netsh wlan show drivers) ही कमांड आहे. तिच्यात वायफायच्या प्रकारांची नावं दिसतात. ती ८०२.११एन पर्यंतच असतील आणि एसी किंवा ए कुठंच नसेल, तर कार्ड फक्त २.४ चं आहे. मग मोडेमच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या आणि लॅपटॉप २.४ च्या नावालाच जोडा. कार्ड दोन्ही पट्ट्यांचं निघालं, तरी परड्याकडच्या खोलीसाठी २.४ च बरं. ५ चा वेग जास्त असतो, पण भिंतीपुढं ते लवकर दमतं.

आणि आपल्या भिंती! वायफायबद्दलची माहिती वाचावी तर ती प्लायवूडच्या भिंती असलेल्या घरांसाठी लिहिलेली असते. आपली घरं जांभ्या चिऱ्याची, भिंत दीड-दोन फुटांची, वरून मातीचा गिलावा. जांभा सच्छिद्र दगड आहे, पाणी पितो. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला जून ते सप्टेंबर पाऊस कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको. २.४ च्या लहरी पाण्यात मुरतात, म्हणून ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त रेंज खाते. उन्हाळ्यात बरं चालणारं वायफाय आषाढात रडायला लागतं, त्याचं एक कारण हे. तुमचा त्रास पावसाळ्यात वाढतो का, ते आठवून बघा.

म्हणून मोडेम हलवा. सोप्यात टीव्हीच्या मागं, लोखंडी कपाटाच्या शेजारी किंवा स्टील-पितळेच्या भांड्यांच्या मांडणीखाली असेल, तर तिथून काढाच. धातूवरून लहरी परत फिरतात. माजघराच्या दाराजवळ, पुरुषभर उंचीवर, मोकळ्या फळीवर ठेवा. लहर भिंतीतून जाण्यापेक्षा उघड्या दारातून जाऊ दे. आमच्या घरी मोडेम फक्त आठ फूट सरकवला आणि लॅपटॉपवरचा सिग्नल ४० वरून ७० टक्क्यांवर गेला. हा आकडा 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' (netsh wlan show interfaces) या कमांडनं दिसतो. कांड्यांवर भरवसा ठेवू नका, आकडा बघा. मोडेम हलवण्याआधी आणि नंतर तो वहीत लिहून ठेवा. शिकवणीच्या व्हिडिओसाठी ६० च्या वर असलेला बरा.

आकडा चांगला असूनही तुटत असेल, तर विंडोजची वीज वाचवायची सवय बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली वायफाय कार्डावर दोनदा क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करू द्या, या अर्थाची जी खूण असेल ती काढून टाका. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज असेल, तर तीही मॅक्झिमम परफॉर्मन्सवर ठेवा. चार्जर काढला की तुटतं आणि लावला की चालतं, असं होत असेल तर नव्वद टक्के हेच. मग ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून असलेलं सॉफ्टवेअर. तो लॅपटॉपच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या पानावरूनच घ्या, 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकटची सॉफ्टवेअरं घालू नका. नवा मोडेम वायफाय ६ चा असेल, तर काही जुन्या ड्रायव्हरांना त्याचं नावच दिसत नाही. ड्रायव्हर बदलला की दिसायला लागतं.

तुम्ही बेळगावात शहापूर किंवा खडेबाजारच्या गल्लीत असता, तर चॅनेलबद्दल, म्हणजे एकाच पट्टीतल्या वेगवेगळ्या वाटांबद्दल, जास्त लिहिलं असतं. तिथं भिंतीला भिंत लागून घरं, प्रत्येक घरात मोडेम, सगळे एकमेकांवर ओरडतात. २.४ मध्ये एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. गावातही शेजाऱ्यांचं वायफाय दिसत असेल, तर मोडेमच्या सेटिंगमध्ये मोकळा असलेला एक निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. १२ आणि १३ घेऊ नका, काही जुन्या कार्डांना ते दिसत नाहीत.

आता ज्यात माझे स्वतःचे दोन महिने गेले ते सांगतो. माझ्या भाच्याचा लॅपटॉप, साधारण तुमच्या लॅपटॉपच्याच वयाचा. मोडेमच्या शेजारी बसला तर चालायचा, दाराबाहेर गेला की संपलं. मी मोडेम बदलला, ड्रायव्हर बदलले, विंडोज नवीन घातलं. काही नाही. मग एकदा भाचा बोलता बोलता म्हणाला, "मामा, बिजागरी मोडली होती न्हवं, ती दुरुस्त करून आणल्यापासनं असं होतंय." तिथं उलगडा झाला. लॅपटॉपचा अँटेना कार्डावर नसतो, स्क्रीनच्या चौकटीत असतो. तिथून दोन बारीक तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून खाली येतात आणि वायफाय कार्डावर बटणासारख्या दाबून बसवलेल्या असतात. दुरुस्ती करताना त्यातली काळी निघाली होती आणि कुणी परत बसवलीच नव्हती. बॅटरी काढून खालचं झाकण उघडलं, तार जागेवर दाबली, टक् असा आवाज झाला आणि मागच्या खोलीपर्यंत वायफाय पोचलं. त्या पोराच्या दोन महिन्यांच्या शिकवण्या मी नको तिथं शोधत बसल्यामुळं बुडाल्या, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून विचारतो, तुमचा लॅपटॉप कधी उघडला होता का? बिजागरी, कीबोर्ड, पंखा, काहीही? उघडला असेल तर माझी बाकीची सगळी यादी बाजूला ठेवा आणि आधी या तारा बघून घ्या. आणि स्क्रीन एका ठराविक कोनात नेली की रेंज पडत असेल, तर तार बिजागरीत आतून तुटलीय असं समजा.

कार्डच गेलं असेल, तरी लॅपटॉप गेला असं होत नाही. यूएसबीचं वायफाय अडॅप्टर हजार रुपयांच्या आत मिळतं. बोटाच्या पेरापेक्षा लहान घेऊ नका, बाहेर अँटेना असलेलं घ्या आणि दोन-तीन फुटांच्या यूएसबी वायरनं खिडकीच्या किंवा दाराच्या बाजूला लोंबतं ठेवा. शेजारच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये हार्ड डिस्क लावू नका. तिचा गोंगाट नेमका २.४ च्या पट्टीत येतो.

आणि शिकवणी येत्या सोमवारी असेल, तर यातलं काही करायच्या आधी सरळ लॅन केबल ओढा. २०१३ च्या बहुतेक लॅपटॉपला तिचं भोक असतंच. कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या, शंभर मीटरपर्यंत काही बिघडत नाही आणि तुमचं घर त्याहून खूपच लहान असणार. सोप्यातून वाशांच्या कडेनं परड्याकडच्या खोलीत न्या. माळ्यावर उंदीर असतील तर केबल पाइपमधून घाला, आमची एकदा कुरतडली होती. मुलगी निवांत शिकू दे, वायफायचं तुम्ही सावकाश शोधा. पिंगच्या दोन खिडक्यांत काय दिसलं, सिग्नलचा आकडा किती आला आणि लॅपटॉप कधी उघडला होता का, या तीन गोष्टी खाली लिहा. पुढचं बघू.