कीबोर्ड स्विचच्या मॅक्रो फोटोत स्प्रिंगवर डाग येतात, अर्धा भाग धूसर येतो. मॅक्रो लेन्स घेऊ का?

लेन्स लगेच घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की कळीखालचा स्विच उघडून काढलेल्या फोटोत स्टेमच्या, म्हणजे कळ दाबली की खाली जाणाऱ्या प्लास्टिकच्या भागाच्या, टोकावरचं अधिकचं चिन्ह स्पष्ट येतं, पण खालचे पाय धूसर होतात आणि स्प्रिंगवर पांढरे डाग पडतात. नवी लेन्स लावली तरी धूसरपणा राहणार आहे, आणि डागांचा तर लेन्सशी संबंधच नाही. ते डाग उजेडाचे आहेत. या फोटोंत निम्म्याहून जास्त काम उजेडाचं असतं, असं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

स्प्रिंगची तार गोल आणि गुळगुळीत असते, म्हणजे तिचा प्रत्येक वेढा हा एक बारीक, वाकडा आरसा असतो. त्यात दिवा दिसतो, खिडकी दिसते, तुम्ही घातलेला शर्टही दिसतो. तो पांढरा डाग म्हणजे तुमच्या दिव्याचं प्रतिबिंब. दिवा मंद करून काही होत नाही. डाग तिथेच राहतो आणि बाकीचा फोटो काळवंडतो. दिवा मोठा झाला पाहिजे. त्यासाठी ट्रेसिंग पेपरची किंवा बटर पेपरची नळी करून स्प्रिंगभोवती उभी करा, अगदी दोन-तीन बोटांवर, आणि दिवा बाहेरून त्या कागदावर पाडा. आता स्प्रिंगला दिवा दिसत नाही, उजळलेला कागद दिसतो.

मात्र चहूबाजूंनी पांढरं केलं की स्प्रिंग सपाट दिसायला लागते. मग नळीच्या आत एका बाजूला काळ्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी उभी चिकटवा. प्रत्येक वेढ्यावर एक काळी रेघ उमटते आणि तारेची गोलाई एकदम डोळ्यांत भरते. पट्टी अर्धा सेंटिमीटर सरकवली तरी सगळा फोटो बदलतो, त्यामुळे इथे घाई करू नका. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावावा का, असं मनात येईल. नुसता लेन्सवर लावला तर प्लास्टिकची चकाकी कमी होते, धातूची जवळपास नाही. दिव्यावरही लावून दोन्ही एकमेकांना काटकोनात फिरवले तर चकाकी जाते, पण स्प्रिंग काळीठिक्कर पडते.

आता धूसरपणा. स्विचची बाहेरची चौकट साधारण १५.६ मिमी असते आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत असणाऱ्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरची उंचीही जवळपास तेवढीच. म्हणजे १:१ ला, सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच असताना, एक स्विच सेन्सरवर वरपासून खालपर्यंत नेमका बसतो. एवढ्या जवळून एफ/८ अ‍ॅपर्चरला (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर भाग फोकसमध्ये राहतो. स्टेम त्यापेक्षा कितीतरी उंच आहे. अ‍ॅपर्चर एफ/२२ केलं तर? १:१ ला ते एफ/४४ सारखं वागतं, आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्यामुळे, आख्खा फोटोच मऊ पडतो. त्यामुळे फोकस स्टॅकिंगला, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो काढून ते एकत्र जोडण्याला, पर्याय नाही. एफ/५.६ ते एफ/८ च्या मध्ये राहा, दर फोटोला ०.४ मिमीपेक्षा जास्त सरकू नका. सेंटिमीटरभर खोलीला पंचवीसेक फोटो होतात. टेबलाला हात न लावता, टायमरवर काढा. माझा एक पूर्ण संच केवळ पायाचा धक्का टेबलाला लागल्यामुळे वाया गेला होता, तेव्हापासून शटर उघडं असताना मी जागेवरून हलत नाही.

हे फोटो जोडायला हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर हे सॉफ्टवेअर घ्या. स्प्रिंगचा पुढचा वेढा मागच्यावर येतो, तिथे कडेला धुरकट वलय उमटतं. झेरीनमधली पीमॅक्स पद्धत अशा जागा चांगल्या सांभाळते, फक्त फोटोतला दाणेदारपणा थोडा वाढतो.

आणि लेन्सचंच म्हणाल, तर साध्या ५० मिमी लेन्समागे ५० मिमीच्या एक्सटेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) लावल्या की १:१ मिळतं. त्यावर काही महिने काढा, मग ठरवा.

धूळ हा वेगळाच विषय आहे. काळ्या प्लास्टिकवरचा कापसाचा एक तंतू फोटोत दोरखंडासारखा दिसतो. कापडाने पुसू नका, घासल्याने प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि ते उलट धूळ ओढतं. ब्लोअर मारा, मग मऊ कोरडा ब्रश, आणि त्यानंतर भागाला बोट न लावता चिमट्यानेच धरा. ग्रीस लावायचं असेल तर त्याआधी फोटो काढून घ्या. क्रायटॉक्स नावाच्या ग्रीसचा पातळ थर डोळ्याला दिसतही नाही, पण मॅक्रोमध्ये तो ओल्या डागासारखा चमकतो.

एक मागणं आहे. नवे स्विच सगळेच टिपतात, तुम्ही एखादा भरपूर वापरलेला स्विच उघडा. १९८३ पासून चालत आलेल्या चेरी एमएक्स रचनेत कळ वर असते तेव्हा स्टेमचे पाय धातूची पाती ढकलून धरतात. ४ मिमीच्या प्रवासात कळ साधारण २ मिमी खाली गेली की पाती सुटते, पलीकडच्या धातूला टेकते आणि अक्षर उमटतं. हे हजारो वेळा झालं की त्या पायांवर, पाती घासते नेमक्या त्या जागी, एक अरुंद गुळगुळीत पट्टा तयार होतो. फार सुंदर दिसतो तो. मऊ उजेडात मात्र तो हरवतो. इथे कागदाची नळी बाजूला काढा, एकच छोटा दिवा टेबलाच्या पातळीवर आणून अगदी तिरका मारा आणि दिवा हळूहळू फिरवत राहा. पट्टा उजळला की तिथेच थांबा आणि फोकसचा पहिला फोटो पायाच्या सगळ्यात जवळच्या कडेपासून सुरू करा.