गुडघ्यावर हातोडी कशाला मारत होते?

प्रश्न : 33व्या आठवड्यात बीपी 170/110 झालं आणि सिझेरियन करावं लागलं. बाळ आता चार महिन्यांचं आहे, छान आहे. पण त्याचा जन्म मला आठवतच नाही. आठवते ती अंगाची आग, कुणीतरी गुडघ्यावर हातोडी मारतंय, कुणी श्वास मोजतंय. बीपीचा पट्टा फुगायला लागला की अजून छाती धडधडते. घरचे म्हणतात, “पोह्यांवर एवढी शेव नको म्हटलं होतं,” आणि वर, “बाळ सुखरूप आहे ना, मग आता काय?” – एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आधी शेवेचा निकाल लावू. गरोदरपणात बीपी चढण्याच्या या आजाराचं, प्री-एक्लॅम्प्सियाचं, मूळ वारेत (प्लासेंटात) असतं. वार रुजताना गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद होत नाहीत, वारेला रक्त कमी पडतं आणि तिच्यातून सुटणारे पदार्थ आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. मग बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जातात. ही गडबड बहुधा पहिल्या पाच महिन्यांतच, आकडा दिसायच्या आधी झालेली असते. मीठ तोडून हा आजार टळत नाही. शेवेने झाला असता, तर इंदुरात एकही बाळंतपण सुरळीत पार पडलं नसतं.

आता हातोडी. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी 4 ग्रॅम शिरेतून सावकाश, 5-5 ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, मग दर 4 तासांनी 5 ग्रॅम, असं प्रसूतीनंतर 24 तासांपर्यंत चालतं. अंग भाजल्यासारखं होणं, पापण्या जड होणं हे त्याचेच परिणाम. औषध रक्तात जास्त साचलं तर आधी गुडघ्याची उसळी जाते, नंतर श्वास मंदावतो. म्हणून पुढच्या डोसाआधी तीन गोष्टी बघतात : हातोडीने पाय उडतो ना, श्वास मिनिटाला 16 तरी आहेत ना, 4 तासांत 100 मिलिलिटर तरी लघवी झाली ना. कुणी हे त्या वेळी समजावून सांगितलं नसेल, तर त्या खोलीत भीती वाटणारच.

डिस्चार्ज कार्ड आणि केसपेपर घेऊन डॉक्टरांकडे फक्त एवढ्यासाठीच वेळ मागा. कोणत्या वेळी काय झालं, काय दिलं, ते क्रमाने लिहून घ्या. बाहेर उभ्या असलेल्यांना विचारा : बाळाला आधी कुणी पाहिलं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) कुणी नेलं? हे करताना थरकाप वाढला तर थांबा. रेटून न्यायचं काम नाही हे.

महिना उलटूनही तीच दृश्यं, दचकणं, दवाखान्याचा रस्ता टाळणं चालू असेल तर तो आघातानंतरचा मानसिक त्रास असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायच्या एडिनबरा प्रश्नावलीत 10 प्रश्न असतात, गुण 0 ते 30. 13 किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा; तिथे ‘कधीच नाही’ सोडून कोणतंही उत्तर आलं तरी त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 दिवसरात्र चालू असतो. आणि “बाळ सुखरूप आहे ना” हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं खरं, पण त्याने बाईचं तोंड बंद होतं.

प्रश्न : सून नऊ दिवसांची बाळंतीण. नवव्या महिन्यात बीपी वाढलं होतं. अजून दिवसातून दहादा मशीन लावते आणि रडते. गोळ्या दुधात उतरतात म्हणून बंद कराव्यात का? सव्वा महिना बाहेर न्यायचं नाही, असं आमच्याकडे आहे. – सुदामानगर, इंदूर

उत्तर : गोळ्या बंद करू नका. बाळंतपणानंतर 3 ते 6 दिवसांत बीपी बहुधा पुन्हा चढतं, कारण अंगातलं पाणी रक्तात परततं. 6 आठवड्यांपर्यंत धोका असतो. सातव्या ते दहाव्या दिवसातली तपासणी झाली नसेल तर उद्याच न्या. कान बांधा, शाल लपेटा, रिक्षा दाराशी बोलवा, पण न्या. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन अंगावर पाजताना चालतात. मिथिलडोपा चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा : त्याने मन उदास होऊ शकतं, म्हणून बाळंतपणानंतर ती गोळी बदलतात.

मशीन सकाळ-संध्याकाळ पुरे. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, उघड्या दंडावर पट्टा, हात छातीच्या उंचीला, मिनिटभराने दुसऱ्यांदा. रडत असताना किंवा बाळाला पाजता पाजता घेतलेला आकडा वाढलेलाच येतो, आणि तो पाहून पुन्हा मशीन! आकडे तुम्ही लिहा, तिला सारखे दाखवू नका. 150/100 किंवा वर दोनदा आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. 160/110, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं किंवा धाप : लगेच 108.

पहिले दोन आठवडे हळवेपणा असतोच. त्यापुढे रडणं थांबेना, बाळ झोपलं तरी तिला झोप येईना, तर दाखवा.

प्रश्न : पुन्हा दिवस राहिले तर हेच होईल का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : साधारण सहांतल्या एकीला पुन्हा होतं, आधीचं बाळंतपण 28 ते 34 आठवड्यांत करावं लागलं असेल तर तिघींतल्या एकीला. बाराव्या आठवड्यापासून, उशिरात उशिरा सोळाव्याच्या आत, डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज 75 ते 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू केल्यास शक्यता कमी होते. म्हणून पहिल्याच भेटीत जुनी फाईल न्या. आणि दुसरं मूल नको वाटत असेल, तर सासर-माहेरच्या आग्रहापायी होकार देऊ नका. मूल होवो न होवो, बीपी दरवर्षी तपासा. पुढे हृदयविकाराचा धोका इतरजणींच्या दुपटीच्या आसपास असतो.