वाचक विचारतात : डिझेल जनरेटरची जोडणी आणि बिघाड

प्रश्न : वीज गेल्यावर आम्ही घराचा मेन स्विच बंद करतो आणि दोन्ही टोकांना प्लग असलेल्या केबलने जनरेटरची वीज भिंतीवरच्या सॉकेटमधून घरात घेतो. मेन स्विच न चुकता बंद केला, तर यात काही धोका आहे का?

उत्तर : धोका मोठा आहे आणि ही केबल आजच कापून टाकावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिचे एक टोक सॉकेटमधून निघाले की त्या प्लगच्या उघड्या पितळी पिनांवर 230 व्होल्ट असतात आणि ते टोक हातात धरणाऱ्याला सावरायला वेळ मिळत नाही. दुसरा धोका तुमच्या घराबाहेरचा आहे. मेन स्विच एकदा जरी चालू राहिला, तरी वीज उलट दिशेने रोहित्राकडे जाते, आणि जे रोहित्र 11,000 व्होल्टचा दाब उतरवून तुम्हाला वीज देते, तेच तुमच्या जनरेटरचा दाब चढवून वरच्या तारांवर हजारो व्होल्ट आणू शकते. लहान जनरेटर एवढा भार ओढणार नाही, त्याचा ब्रेकर आधीच पडेल, असे अनेक जण सांगतात. परंतु तार जवळच तुटलेली असेल, तर त्या तुटक्या भागावर भार जवळजवळ नसतोच, ब्रेकर पडत नाही आणि नेमका तोच भाग दुरुस्त करणारा लाइनमन तार मृत आहे असे समजून तिला हात लावतो. शिवाय जनरेटर चालू असतानाच बाहेरची वीज परत आली, तर दोन्हींचे फेज जुळत नसल्यामुळे अल्टरनेटरला, म्हणजे जनरेटरच्या वीज तयार करणाऱ्या भागाला, जबर झटका बसतो. त्यात वाइंडिंग जळू शकते.

यावर उपाय चेंजओव्हर स्विचचा आहे. त्याची यांत्रिक रचनाच अशी असते की बाहेरची वीज आणि जनरेटर एकाच वेळी घराला जोडले जाऊच शकत नाहीत, त्यामुळे सुरक्षितता कोणाच्या स्मरणशक्तीवर सोडावी लागत नाही. सिंगल फेजसाठी दोन पोलचा आणि थ्री फेजसाठी चार पोलचा स्विच घ्यावा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही बदलला जातो. अशा जोडणीत जनरेटरचा न्यूट्रल जनरेटरपाशीच, एकाच ठिकाणी अर्थला जोडलेला असावा लागतो. तो जोडलेला नसेल, तर अर्थमध्ये गळणाऱ्या विजेला परतीची वाट राहत नाही आणि दोष असूनही आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) पडत नाही. जनरेटरच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग हवेच. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

प्रश्न : इंजिन सुरळीत चालते, पण वीज येत नाही. मल्टीमीटरवर जेमतेम पाच-सहा व्होल्ट दिसतात. अल्टरनेटर जळला असेल का?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही, उलट हे थोडे व्होल्ट आशादायक आहेत. रोटरच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या फिरणाऱ्या भागाच्या, लोखंडात काही चुंबकत्व शिल्लक असते आणि त्यातूनच हा दाब निर्माण होतो. पुढे एव्हीआर (दाब आपोआप नियंत्रित करणारा भाग) रोटरला विद्युतप्रवाह पुरवून तो पूर्ण दाबापर्यंत चढवतो. ही पुढची पायरी घडत नाही, म्हणून शोध एव्हीआर, त्याचा फ्यूज, त्याच्या सैल झालेल्या तारा, कार्बन ब्रश किंवा ब्रशविरहित यंत्रात रोटरवरचे डायोड यांत घ्यावा. त्याआधी वेग मोजावा : चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) यंत्राला 50 हर्ट्झसाठी मिनिटाला 1500 फेरे लागतात आणि वेग फार कमी असेल, तर अनेक एव्हीआर दाब चढूच देत नाहीत. यंत्र बराच काळ पडून राहिल्याने ते चुंबकत्व फारच क्षीण झाले असेल, तर 12 व्होल्टच्या बॅटरीने ते क्षणभरात पुन्हा आणता येते, मात्र एव्हीआरच्या तारा न सोडवता किंवा धन-ऋण टोके उलटी लावून हे केले, तर एव्हीआर निकामी होऊ शकतो. ते तंत्रज्ञालाच करू द्यावे.

प्रश्न : टाकीत डिझेल भरपूर असूनही इंजिन काही मिनिटांत बंद पडते. कारण काय असावे?

उत्तर : ते कसे बंद पडते, हे आधी नीट ऐका. वेग वरखाली होत हळूहळू दम तोडत असेल, तर डिझेल पुरेसे पोहोचत नाही. टाकीचे झाकण सैल करून पाहावे, कारण झाकणातले हवेचे छिद्र बुजले की टाकीत निर्वात होतो आणि डिझेल खाली येत नाही. नंतर फिल्टर आणि पाणी वेगळे करणारा कप तपासावा. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतली फट सहसा दिसत नाही, कारण तिथे डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते. फट बुजवून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. चालू इंजिनच्या इंजेक्टर नळ्यांवर गळती हाताने चाचपू नये, तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. इंजिन एकदम बंद होत असेल, तर ऑइलच्या कमी दाबामुळे किंवा वाढलेल्या तापमानामुळे संरक्षक स्विचने ते थांबवले असण्याची शक्यता अधिक असते. तो स्विच बायपास करू नका.

प्रश्न : थ्री फेज जनरेटर लावल्यावर काही दिवे फार प्रखर आणि काही अगदी मंद झाले.

उत्तर : जनरेटर ताबडतोब थांबवा. न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की कमी भाराच्या फेजवरील दाब 400 व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो आणि त्यावरची उपकरणे जळतात. न्यूट्रलचा प्रत्येक जोड घट्ट करून आणि दाब मोजूनच भार पुन्हा जोडावा.

प्रश्न : पावसापासून वाचवण्यासाठी जनरेटर जिन्याखालच्या खोलीत ठेवला, दार उघडे ठेवले, तर चालेल का?

उत्तर : नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि उघड्या दाराने तो पुरेसा बाहेर जात नाही. यंत्र मोकळ्यावर, छपराखाली, दारे-खिडक्यांपासून दूर आणि धुराची नळी घराच्या विरुद्ध दिशेला करून ठेवावे. घरात कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले किंवा ग्लानी आली, तर आधी सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, लगेच वैद्यकीय मदत बोलवावी आणि जनरेटर बंद करण्यासाठी त्या खोलीत कोणीही परत शिरू नये.