बॅरिस्टर लंडनचाच हवा का?

प्रश्न : माझ्या बहिणीचा घटस्फोट पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात झाला. नवऱ्याचं घर आणि पेन्शन इंग्लंडमध्ये आहे. सॉलिसिटरने (अशिलाचं काम आणि कागदपत्रं सांभाळणाऱ्या वकिलाने) बर्मिंगहॅमच्या चेंबर्समधला बॅरिस्टर (न्यायालयात बाजू मांडणारा वकील) सुचवलाय. त्या चेंबर्सच्या यादीत फौजदारी, कौटुंबिक, नोकरीचे वाद, इमिग्रेशन, वैद्यकीय निष्काळजीपणा असं सगळंच आहे. इतकं सगळं करणाऱ्यांना एक तरी नीट येत असेल का?
– वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : ती यादी एका माणसाची नाही. चेंबर्स म्हणजे वकिलांची कंपनी नव्हे. तिथला जवळजवळ प्रत्येक बॅरिस्टर स्वतंत्र व्यवसाय करतो. जागा, क्लार्क आणि खर्च तेवढे सामाईक. (बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले ती ग्रेज इन ही लंडनमधली बॅरिस्टरांची संस्था वेगळी. इन सनद देते, चेंबर्समध्ये बसून काम चालतं.) मोठ्या प्रादेशिक चेंबर्समध्ये प्रत्येक विषयाचा वेगळा गट असतो. फौजदारी गटातला माणूस तुमच्या बहिणीचं काम करणार नाही. म्हणून चेंबर्सचं नाव बाजूला ठेवा आणि त्या एका बॅरिस्टरची माहिती वाचा.

त्यात नेमकं काय शोधायचं? परदेशी घटस्फोटानंतर इंग्लंडमध्ये आर्थिक हक्क मागण्याची तरतूद १९८४ च्या वैवाहिक कायद्याच्या तिसऱ्या भागात आहे. ‘या तिसऱ्या भागाचे अर्ज तुम्ही चालवले आहेत का?’ हा पहिला प्रश्न. जाणकार बॅरिस्टर उलट लगेच विचारेल, बहिणीने पुन्हा लग्न केलंय का? केलं असेल तर हा अर्ज करताच येत नाही. नसेल तर आधी न्यायालयाची परवानगी लागते. दोघांपैकी एकाचं कायम वास्तव्य इंग्लंड-वेल्समध्ये आहे, की केवळ पूर्वी एकत्र राहिलेल्या तिथल्या घरातल्या हिश्श्यावर अर्ज उभा आहे, हेही तपासावं लागतं. फक्त घराच्या आधारावर अर्ज असेल तर मागणी त्या घरापुरतीच राहते, पेन्शनला हात लावता येत नाही. आणि पुण्याच्या हुकूमनाम्यावर इंग्लंडची पेन्शन विभागून मिळेल या भरवशावर तर मुळीच राहू नका.

हे काम जाणणारे लोक बर्मिंगहॅम, लीड्स, मँचेस्टरमध्येही आहेत. तडजोडीच्या सुनावणीत कुठल्या कागदावरून घासाघीस होते, हे रोज त्याच न्यायालयात उभं राहणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. याचा अर्थ न्यायाधीशांशी ओळख असा घेऊ नका. तसा कुणी दावा केला तर त्याला टाळा. शिवाय प्रवास आणि मुक्कामाचा खर्च वाचतो. पेटंट, जहाजवाहतूक, गुंतागुंतीचा कर अशा विषयांत मात्र लंडनकडे पाहणं रास्त आहे. व्यापारी वादांचं तसं नाही. २०१७ पासून बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लीड्स, ब्रिस्टल, कार्डिफ इथेही व्यापार व मालमत्तेची खास न्यायालयं आहेत.

खरी काळजी फीची घ्या. फी बॅरिस्टर नव्हे, त्याचा क्लार्क ठरवतो. पहिल्या दिवसासह तयारीची ती ब्रीफ फी, पुढच्या प्रत्येक दिवसाची रिफ्रेशर. ब्रीफ फी कुठल्या तारखेला देय होते हे लेखी घ्या, कारण त्या तारखेनंतर सुनावणीच्या आदल्या दिवशी समझोता झाला तरी ती द्यावी लागू शकते. आकड्यात व्हॅट धरलाय का, तेही विचारा. दुसरी अडचण अशी की बॅरिस्टरचा आधीचा खटला लांबला तर ब्रीफ, म्हणजे तुमच्या खटल्याचं काम, ऐनवेळी दुसऱ्याकडे जातं. मोठ्या गटाचं बळ इथे दिसतं. त्याच अनुभवाचं दुसरं कोण आहे, हे क्लार्ककडून आजच विचारून ठेवा.

प्रश्न : समोरच्या पक्षाचा बॅरिस्टरही त्याच चेंबर्सचा निघाला. आमची माहिती फुटेल का?
– वाचक, लेस्टर

उत्तर : एकाच चेंबर्सचे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहणं इथे नेहमीचं आहे. दोघेही स्वतंत्र, आणि अशिलाची गुप्तता दोघांवरही बंधनकारक. तरी सॉलिसिटरमार्फत दोन गोष्टी लेखी मागा : दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळे क्लार्क, आणि संगणकावरच्या कागदपत्रांना वेगवेगळं कुलूप.

प्रश्न : व्हिसा नाकारला. सॉलिसिटर न घेता थेट बॅरिस्टर चालेल का?
– वाचक, ब्रॅडफर्ड

उत्तर : चालेल, पण थेट अशील घेण्याची परवानगी त्याला आहे का ते बॅरिस्टरांवर देखरेख करणाऱ्या बार स्टँडर्ड्‌स बोर्डाच्या नोंदवहीत पाहा. तो तुमचे पैसे स्वतःकडे ठेवू शकत नाही, आणि वेगळी परवानगी नसेल तर अर्ज दाखल करणं, पत्रव्यवहार हे तुमच्याच गळ्यात. प्रत्येक नकारावर अपील नसतं. काहींवर फक्त प्रशासकीय फेरतपासणी मिळते. नकाराच्या पत्रात ते लिहिलेलं असतं. अपील असेल तर ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला नकाराची नोटीस पाठवल्यापासून १४ दिवस, भारतातून करायचं तर ती मिळाल्यापासून २८ दिवस. बॅरिस्टरची वेळ मिळत नाही म्हणून थांबू नका. अपील मुदतीत नोंदवा, सविस्तर मुद्दे नंतर मांडता येतात.