धावल्याने मुलीची हाडे झिजतील का?

खेळाडू मुलामुलींच्या पालकांकडून ही शंका मला वारंवार ऐकायला मिळते, आणि बहुतेकांना तिचे उत्तर एका शब्दात हवे असते. ते तसे देता येत नाही, हे एका मुलीच्या उदाहरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी चौदा वर्षांची, आठशे आणि पंधराशे मीटर धावणारी. उजवी नडगी काही आठवडे दुखत होती. घरी आजीने 'इतके पळवाल तर हाडे झिजतील आणि उंचीही खुंटेल' असे बजावल्यामुळे आई धास्तावली होती. कुठे दुखते असे विचारल्यावर मुलीने नडगीच्या आतल्या कडेवरच्या रुपयाएवढ्या जागेवर नेमके बोट ठेवले. नडगीभर पसरलेली ठणक वेगळी आणि असे एकाच ठिकाणी दाबल्यावर दुखणे वेगळे, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे स्वच्छ असूनही एमआरआय करून घेतला होता. त्यात हाडावर ताण आल्याची खूण दिसली, भेग मात्र पडलेली नव्हती. तिच्या खाण्याविषयी शंका आल्याने त्यांनी तिला माझ्याकडे पाठवले.

आजीचे म्हणणे मी खोडून काढले, पण अर्धेच. हाड हे जिवंत ऊतक आहे आणि त्यावर भार पडला की ते बळकट होते; लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळते. प्रौढपणी हाडांत जितके खनिज असते त्याचा सुमारे चौथा हिस्सा उंची झपाट्याने वाढते त्या सुमाराच्या दोनच वर्षांत साठतो. म्हणजे मैदानावर असण्याचे हेच वय. मात्र हाड आधी लांब होते आणि खनिज मागाहून भरत जाते, त्यामुळे मधल्या काळात ते तुलनेने नाजूक असते आणि सराव एकाएकी वाढवला तर तक्रार करते.

तरीही या मुलीच्या बाबतीत मला सरावाच्या वहीपेक्षा डबा अधिक बोलका वाटला. सकाळी साडेपाचला चहावर मैदान गाठायचे, शाळेच्या डब्यात दीड पोळी आणि भाजी, त्यातली अर्धी पोळी परत. संध्याकाळी पुन्हा सराव. 'दोन किलो उतरले तर वेळ सुधारेल' असे सरांनी सांगितल्यापासून तिने भात आणि दूध सोडले होते. पाळीविषयी विचारल्यावर आई सहजपणे म्हणाली, "मॅडम, चार महिने आलीच नाही, पण स्पर्धांच्या दिवसांत बरेच झाले."

मला खरी काळजी वाटली ती या वाक्याची. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने अन्न कमी पडले की शरीर आधी प्रजननसंस्थेची कामे आवरते. इस्ट्रोजेन घटते, त्यामुळे हाड विरघळण्यावरचा लगाम सुटतो आणि नवे हाड घडण्याची गतीही मंदावते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये खेळाडूंमधील या ऊर्जातुटीची सविस्तर मांडणी केली. ती मुलग्यांनाही होते. फक्त त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसल्याने ती उशिरा लक्षात येते. तीन महिने पाळी चुकली तर खेळाडू असो वा नसो, डॉक्टरांकडे जायलाच हवे.

पुढचे काम बरेचसे स्वयंपाकघरात झाले. सरावाआधी केळे आणि दूध, सरावानंतर लगेच काहीतरी पोटभर, भात परत ताटात, नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी. या वयात रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे, पण एकूण अन्नच अपुरे असेल तर नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी भागत नाही, हे आईला दोनदा सांगावे लागले. ड जीवनसत्त्व तपासून डॉक्टरांनी औषध दिले. सरांशी बोलणे अवघड जाईल असे वाटले होते. प्रत्यक्षात, हाड मोडले तर अख्खा हंगाम जाईल हे पटल्यावर वजनाचा विषय त्यांनीच बंद केला. धावणे थांबवून, दुखणे पूर्ण गेल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने आधी चालणे, मग थोडे थोडे पळणे, असा क्रम ठरला. काही महिन्यांनी पाळी सुरू झाली.

उंचीबाबत आजीलाही समजावले: योग्य आहार असेल तर धावण्याने उंची खुंटत नाही. जिम्नॅस्ट बुटके दिसतात त्यामागे त्या खेळात लहान चणीच्या मुलांचीच निवड होते हे मोठे कारण आहे.

निघताना आईने धाकट्याबद्दल विचारले. तो पोहतो, म्हणजे त्याची काळजी नाही ना? पोहणे हृदयाला आणि फुप्फुसांना उत्तम, पण पाण्यात शरीराचा भार हाडांवर फारसा येत नाही, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा दोरीच्या उड्या किंवा खो-खो जोडायला मी सांगितले.